वैदर्भीय उन्हाळ्यात संगणकाचे वॉटर कूलिंग

प्रश्न: दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी मी लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिटिंग करतो. माझ्या संगणकाचा प्रोसेसर १२५ वॉटचा, तर ग्राफिक्स कार्ड २२० वॉटचे आहे. दोन्हींसाठी एकच वॉटर कूलिंग लूप (पाणी फिरवून उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची बंद रचना) बसवण्याचा विचार आहे. दुकानदाराने तांब्याचे ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) आणि अ‍ॅल्युमिनियमचा २४० मिमी रेडिएटर (पाण्यातील उष्णता हवेत सोडणारी पात्यांची जाळी) सुचवला आहे. हे योग्य ठरेल का? पाणी घरच्या आर.ओ.चे चालेल का?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर: ही जोडी कृपया घेऊ नये. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्याच्या संपर्कात राहिले, की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते आणि त्याचा गाळ ब्लॉकमधील अतिशय बारीक खाचांत जाऊन बसतो. गंजरोधक द्रव्याने ही झीज मंदावते, पण त्या भरवशावर राहू नये. ब्लॉक तांब्याचे असतील, तर रेडिएटरही तांबे-पितळेचाच घ्यावा.

आता आकाराचे. लूपमधील पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि थंड हवेच्या गावी बसून दिलेले सल्ले इथेच आपल्याला दगा देतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत ४० अंश असताना पाणी हवेपेक्षा १५ अंशांनी जरी तापले, तरी ते ५५ अंशांवर जाते. लूपमध्ये पाणी फिरवणाऱ्या डी५ या प्रचलित जातीच्या पंपांची पाण्याच्या तापमानाची मर्यादा साधारण ६० अंश असते. दर १०० वॉटला रेडिएटरचा १२० मिमीचा, म्हणजे एका पंख्याएवढा, एक भाग असा ढोबळ हिशेब केला, तर आपल्या ३४५ वॉटला चार भाग लागतात. विदर्भासाठी मी त्यात एक वाढवून ३६० आणि २४० मिमीचे दोन रेडिएटर सुचवीन. त्यांच्या पात्या फार दाट नसाव्यात, कारण वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू त्यांत अडकतात. खोलीत डेझर्ट कूलर जरूर लावावा, त्याने पाण्याचेही तापमान उतरते. मात्र त्याचा ओला झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये.

आर.ओ.चे पाणी टाळावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचे भूजल मुळातच क्षारयुक्त आहे आणि अनेक घरगुती यंत्रे चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळतात. सीलबंद डिस्टिल्ड पाण्यात शेवाळरोधक आणि गंजरोधक द्रव्य घालावे, किंवा तयार पारदर्शक कूलंट घेऊन ते वर्षातून एकदा बदलावे. दुधट रंगाची कूलंट फोटोत सुरेख दिसतात, पण गाळ धरतात.

पंप टाकीसह एकत्र घ्यावा, म्हणजे तो कोरडा फिरण्याचा धोका कमी होतो. नळी ईपीडीएम रबराची बरी. पारदर्शक पीव्हीसी नळी कालांतराने धूसर होते. फिटिंग (नळीचे जोड) घेताना नळीचा आतील आणि बाहेरील, दोन्ही व्यास जुळवून पाहावेत: १०/१६ मिमीच्या नळीला १०/१३ मिमीचे फिटिंग बसत नाही. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक तर त्या-त्या मॉडेलपुरताच असतो आणि पुढे कार्ड बदलले, की बहुधा निरुपयोगी होतो. एवढा खर्च करण्याची तयारी नसेल, तर प्रोसेसरला दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर लावून कार्ड आहे तसे ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

लूप जोडलाच, तर आधी जोडांखाली कोरडा कागद अंथरून, इतर भागांना वीज न देता केवळ पंप चोवीस तास चालवून गळती तपासावी.