‘कुरुलताई’ला निवडणूक म्हणावे का?

प्रश्न असा आहे : ‘ओगेदेई १२२९ च्या कुरुलताईत खान म्हणून निवडून आला’ या वाक्यातले ‘निवडून आला’ बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय लिहावे? (कुरुलताई म्हणजे मंगोल राजपुत्र आणि सरदारांची मोठी सभा. ओगेदेई हा चंगीझ खानाचा तिसरा मुलगा.)

‘निवडून आला’ टाळावे. मंगोल भाषेतल्या ‘जमणे’ या अर्थाच्या धातूपासून कुरुलताई हा शब्द झाला. आजच्या मंगोलियाच्या संसदेला ‘खुराल’ म्हणतात, तोही त्याच कुळातला. (शेवटच्या ‘ताई’चा आपल्या ताईशी काही संबंध नाही, पण ईकारान्त असल्याने मराठीत स्त्रीलिंगी चालवावा : कुरुलताई भरली, भरवली, बोलावली.) तिथे मतमोजणी नसे. कौल बहुतेक आधीच ठरलेला असे. जो आला त्याने तो मान्य केला, असे धरले जाई.

ओगेदेईचेच पाहा. चंगीझच्या थोरल्या मुलाच्या, जोचीच्या, जन्माबद्दल दुसऱ्या मुलाने, चगताईने, बापासमोरच शंका काढली, कारण त्यांची आई बोर्ते हिला मर्कित या शत्रू टोळीने पळवून नेले होते. दोघांची तेढ पाहून चंगीझने हयातीतच तिसऱ्या मुलाचे, ओगेदेईचे, नाव पक्के केले. तो १२२७ मध्ये वारल्यावर दोन वर्षे धाकट्या तोलुईने कारभार पाहिला आणि मग केरुलेन नदीकाठी कुरुलताई भरली. इतिहासकार जुवैनीच्या वर्णनात ओगेदेई आधी ‘मी नको’ म्हणत राहतो. शेवटी चगताई उजवा हात धरतो, काका तेमुगे ओतचिगीन डावा, आणि दोघे त्याला सिंहासनावर बसवतात. तोलुई पेला पुढे करतो. जमलेले लोक टोप्या काढून, कमरपट्टे खांद्यावर टाकून गुडघे टेकतात. म्हणून इथे मराठीचे प्रयोजक क्रियापदच नेमके बसते : ‘ओगेदेईला गादीवर बसवले’.

‘निवडणूक’ लिहिले की पुढचा इतिहास कळेनासा होतो. ओगेदेई १२४१ च्या डिसेंबरात वारला, पण त्याचा मुलगा गुयुक गादीवर बसला तो १२४६ च्या ऑगस्टमध्ये. मधली वर्षे त्याची आई तोरेगेने माणसे वळवत होती. जोचीचा मुलगा बातू आजारपणाची सबब सांगून गुयुकच्या कुरुलताईला स्वतः गेलाच नाही, भावांना पाठवले. पुढे पारडे फिरले. गुयुक १२४८ मध्ये वारल्यावर बातूने एका बैठकीत तोलुईचा मुलगा मोंगके याचे नाव पुढे केले. ती बैठक मूळ मंगोल भूमीबाहेर झाली म्हणून ओगेदेई आणि चगताईच्या घराण्यांनी ती मानली नाही, तेव्हा १२५१ मध्ये केरुलेनकाठी पुन्हा कुरुलताई भरवावी लागली. विरोधकांची कत्तल त्यानंतर झाली. १२६० मध्ये तर मोंगकेच्या दोन भावांनी दोन कुरुलताया भरवल्या, कुबलायने उत्तर चीनमधल्या कायपिंगला आणि अरीक बोकेने मंगोलियात. ‘खरा विजयी कोण?’ हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. निकाल लढाईने आणि मंगोल राजधानी काराकोरमची धान्याची रसद तोडून लागला. १२६४ मध्ये अरीक बोके शरण आला. याला आपला ‘भाऊबंदकी’ हा शब्द चपखल आहे.

अशा वाक्यांत आणखी दोन चुका वारंवार दिसतात. ‘मंगोलांत गादी धाकट्याला मिळे’ हे चूक आहे. धाकट्या मुलाला, म्हणजे ओतचिगीनला, बापाचे घरदार मिळे. इतिहासकार रशीदुद्दीनच्या आकड्यांनुसार चंगीझच्या १,२९,००० फौजेपैकी १,०१,००० तोलुईकडे गेली, तरी खान झाला ओगेदेई. (तोलुईची मुले पुढे एवढी वरचढ का ठरली, याचा एक धागा या आकड्यांत आहे.)

दुसरी चूक ‘युवराज शिरामुन’. ओगेदेईने या नातवाला पसंती दिली होती एवढेच, आणि तोरेगेनेने ती गुंडाळून ठेवली. ‘ओगेदेईच्या मनातला वारस’ म्हणा. तोरेगेनेसाठी ‘राजमाता’ही नको, कारण गुयुक बसेपर्यंत सत्ता तिच्याच हातात होती, ‘कारभार पाहत होती’ हे साधे मराठी पुरते.