प्रतिसाद मिळतो, पण दुरुस्ती होते का?

प्रश्न : कार्यालयासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. सगळ्याच कंपन्या ‘२४ तासांत प्रतिसाद’ म्हणतात. वापरणाऱ्यांचं खरोखर कोण ऐकतं, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखावं?

उत्तर : करारात ‘प्रतिसाद’ आणि ‘निराकरण’ हे शब्द वेगळे असतात. तक्रार मिळाल्याची पोच गेली तरी प्रतिसाद दिला असं धरता येतं. म्हणून काम पूर्ण ठप्प झालं तर दुरुस्ती किती वेळात, अडलं पण पर्यायी वाट आहे तर किती वेळात, हे लेखी घ्या. ते तास घड्याळाचे की कार्यालयीन वेळेतले, हेही विचारा.

नंतर वर्षभराच्या रिलीज नोट्स, म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीत काय बदललं याच्या नोंदी, वाचा. आमच्या मते खरी परीक्षा इथेच होते. दर वेळी ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. कोणती यादी छापताना कोणता रकाना गळत होता, हे स्पष्ट लिहिणारी कंपनी तक्रारी वाचते. चाचणीच्या मुदतीत दोन प्रश्न पाठवा : एकाचं उत्तर मदतपुस्तिकेत असावं, दुसऱ्याचं नसावं. पहिल्यातून वेग कळतो. दुसरा प्रोग्रॅमरपर्यंत पोचतो की ‘पुन्हा इन्स्टॉल करा’वरच थांबतो, ते पाहा.

ऐकणं अर्धवटही असतं. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं. ओरड झाल्यावर २०१३ मध्ये ८.१ मध्ये ते परतलं, पण दाबलं की उघडायचा तो पूर्ण पडद्याचा स्टार्ट स्क्रीनच. लोकांना हवा होता तो मेनू २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आला.

प्रश्न : एकच तक्रार तीनदा पाठवली. दर वेळी ‘आमच्याकडे असं होत नाही’ हेच उत्तर येतं. काय करावं?

उत्तर : त्यांच्या संगणकावर तो दोष उमटत नाही, तोवर त्यांना तो दुरुस्त करता येत नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रॅम उघडल्यापासूनची प्रत्येक पायरी, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा उतरवा. फाइलमधल्या नोंदी कमी करत जा आणि दोष दिसणारी सर्वांत छोटी फाइल जोडा. त्यातली ग्राहकांची नावं आधी बदला. एका तक्रारीत एकच दोष. नवी सोय मागताना मात्र ‘इथे बटण द्या’ म्हणू नका, कोणतं काम अडतं ते सांगा. त्याला बटणापेक्षा सोपा मार्ग असू शकतो.