हुंगतं आणि पाठ फिरवतं : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे. फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर ताटलीपाशी येतं, हुंगतं आणि निघून जातं. सगळ्यांनी त्याला ‘नखरे’ म्हटलंय. पत्रं नीट वाचली तर कुठे पोट भरलेलं आहे, कुठे सवय जडली आहे आणि एका घरी चक्क दात दुखतोय.

‘आमची मांजरी 3 वर्षांची, नसबंदी झालेली. वजन 4.8 किलो, डॉक्टर 4 किलोवर आणा म्हणतात. ड्राय फूडची (कोरड्या दाण्यांची) वाटी दिवसभर भरलेली असते, त्यातलं जेमतेम 30 ग्रॅम खाते. शिवाय रोज ओल्या खाण्याचे 85 ग्रॅमचे दोन पाउच लागतात, तेही नव्या चवीचे. वर रात्री आमच्या ताटातलं चिकन. तिला भूक लागावी म्हणून काय द्यावं?’ (ठाणे)

काहीही द्यायला नको, कमी करायला हवं. हिशेब मांडून बघा. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी पुरतात. ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 किलोकॅलरी असतात, म्हणजे तुमचे 30 ग्रॅम झाले जवळपास 115. एका पाउचच्या 70 धरल्या तर दोनाच्या 140. चिकन मोजण्याआधीच बेरीज 255 झाली. (पाकिटामागचा नेमका आकडा बघून हाच हिशेब पुन्हा करा, कंपनीगणिक बराच फरक पडतो.) अशा मांजरीला भूक नसते, फक्त नव्या वासाची उत्सुकता असते. तिने तोंड फिरवलं की नवा पाउच फुटतो, हे तिला पक्कं कळलेलं आहे.

आता उपाय. सकाळी 30 ग्रॅम ड्राय फूड किचनच्या वजनकाट्यावर मोजून डब्यात काढा. वाटीने मोजू नका. दाण्याच्या आकाराप्रमाणे वाटीत 10 ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तिच्या दृष्टीने तो दिवसाचा पाचवा हिस्सा आहे. हे 30 ग्रॅम तीन वेळांना वाटून द्या. पाउच एकच : अर्धा सकाळी, अर्धा रात्री. चिकन 10 ग्रॅमच्या वर नको, तेही बिनमसाल्याचं. ताटातल्या चिकनला लागलेला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, तेव्हा ते आजपासून बंद. बाकीचा बदल मात्र आठवडाभरात, टप्प्याटप्प्याने करा. मांजराचं शरीर थोडं थोडं, बऱ्याच वेळा खाण्यासाठी घडलेलं आहे. एका उंदरातून त्याला 30 किलोकॅलरीच्या आसपास मिळतात, त्यामुळे दोन मोठ्या जेवणांपेक्षा हेच त्याला जास्त मानवतं.

ओलं खाणं ठेवलं की 30 मिनिटांनी उचला. उरलेलं टाकून द्यावं लागलं तरी पुढच्या वेळेपर्यंत दुसरं काही काढायचं नाही. दोन-तीन चवी जरूर ठेवा, पण त्यांचा क्रम तुम्ही ठरवायचा. नकार दिला म्हणून चव बदलायची नाही.

वजन आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे 50 ग्रॅमपर्यंत उतरावं. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. घरगुती काट्यावर आठवड्याचे 50 ग्रॅम दिसत नाहीत. महिन्याचे 200 दिसतात. याहून वेगाने उतरत असेल तर 5 ग्रॅम ड्राय फूड वाढवा. 4 किलोवर यायला चार-पाच महिने लागतील.

‘मग दोन दिवस उपाशीच ठेवलं तर? भूक लागली की झक मारून खाईल, असं सगळे सांगतात.’ (नाशिक)

कृपा करून असं करू नका. कुत्र्याला एखादा उपवास निभावतो, मांजराला नाही. खाणं थांबलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते, मांजराच्या यकृताला ती हाताळता येत नाही आणि यकृतातच ती साचते. दोन-तीन दिवसांच्या उपासाने हे सुरू होऊ शकतं, जाड मांजरांत जास्तच. मग मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही. हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो आणि अनेकदा नळीने भरवायची वेळ येते. मोठ्या मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. लहान पिल्लाच्या बाबतीत 12 तासही थांबू नका. बोका खात नाही आणि लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) पुन्हा पुन्हा बसूनही लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी निघा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तासातासाला धोका वाढतो.

‘दीड वर्षाचा बोका. उकडलेल्या बांगड्याशिवाय कशालाही तोंड लावत नाही. समुद्रकाठी राहतो, बांगडा रोज मिळतो. मग बदलायची गरज आहे का?’ (रत्नागिरी)

आहे. बांगडा वाईट नाही, पण एकटा पुरत नाही. काटे काढलेल्या माशात कॅल्शियम फार थोडं असतं. टॉरिन हा घटक मांजराला अन्नातूनच घ्यावा लागतो, कमी पडला तर हृदय आणि डोळ्याचा पडदा दोन्ही बिघडतात. उकडताना त्यातला बराचसा पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण ओतून देतो. बांगडा-तारलीसारखा तेलकट मासा रोज आणि ई जीवनसत्त्व कमी, असं बराच काळ चाललं की कातडीखालची चरबी सुजते. मग उचलून घेतलं तरी मांजर कळवळतं. कच्चा मासा देत असाल तर तोही थांबवा. काही कच्च्या माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, शिजवल्यावर तो जातो. सुक्या बोंबलात मीठ फार. नुसत्या चिकनवर वाढणाऱ्या पिल्लांनाही हेच लागू आहे. कॅल्शियमअभावी त्यांची हाडं इतकी मऊ होतात की साध्या उडीने मोडतात.

बदल पोताने करा, चवीने नव्हे. मऊ माशाची सवय असलेल्याला कडक दाणा हे खाणंच वाटत नाही. म्हणून सुरुवात बारीक लगद्यासारख्या ओल्या खाण्याने करा. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं हवं, नुसत्या ‘पूरक’वर तो जगणार नाही. पहिले तीन दिवस नव्या खाण्याचा एक चमचा वेगळ्या बशीत, बांगड्याशेजारी ठेवा. तो हुंगून गेला तरी चालेल, वास ओळखीचा होतोय. चौथ्या दिवसापासून नऊ भाग बांगडा, एक भाग नवं. काटा-चमच्याने अगदी एकजीव कुस्करा, नाहीतर तो बांगडा तेवढा निवडून खाईल. उकडल्याचं बिनमिठाचं पाणी दोन चमचे घातलं की वास सारखा होतो. दर तीन दिवसांनी नवं एक भाग वाढवा. पूर्ण बदलाला महिना लागेल. पाकिटावर सात ते दहा दिवस लिहिलेले असतात, पण ते एका पाकिटावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या मांजरासाठी. इथे पदार्थाची जातच बदलतेय. एखाद्या दिवशी नेहमीच्या पाऊण हिश्श्याहून कमी खाल्लं तर एक पायरी मागे या.

फ्रिजमधलं खाणं तसंच देऊ नका. मांजर आधी नाकाने जेवतं आणि गार खाण्याला वास नसतो. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, बोटाला कोमट लागलं की झालं. या महिन्यात औषधाची गोळी खाण्यात लपवू नका. एकदा कडू लागलं तर तो त्या खाण्याला कायमचा मुकेल आणि तुमची मेहनत वाया जाईल.

‘आठ वर्षांची मांजरी धावत येते, एक घास घेते आणि मान झटकून मागे सरकते. पाउचमधला रस्सा चाटते, दाणे खाली पाडते.’ (पुणे)

तिला भूक आहे, खाता येत नाही. दात किंवा हिरडी दुखत असावी. तोंडाला वास येतो का, लाळ गळते का, एकाच बाजूने चावते का, ते बघा आणि या आठवड्यातच तपासून घ्या. दाताचा एक्स-रे लागू शकतो. मांजराचा दात हिरडीखाली झिजत असतो तेव्हा वरून धड दिसतो. या वयात मूत्रपिंडासाठी रक्त आणि लघवीही तपासा, विशेषतः पाणी जास्त पीत असेल तर. तोवर खाणं पातळ आणि कोमट द्या. घरातली दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

‘पावसाळ्यात तीच कंपनी, तीच चव, पण खात नाही. मुंग्याही लागतात.’ (डोंबिवली)

दाण्यांवर चरबीचा थर असतो. पाकीट उघडलं की तो खवट व्हायला लागतो, दमट हवेत लवकर. आपल्याला वास येण्याआधी मांजराला येतो. दिवसाला 50 ग्रॅम लागत असेल तर 1.2 किलोचं पाकीट 24 दिवस पुरतं, तेवढंच आणा. स्वस्त पडतं म्हणून 7 किलोची गोणी आणली तर एका मांजराला साडेचार महिने लागतील. दाणे डब्यात ओतू नका, डब्याला लागलेली जुनी चरबी नव्या दाण्यांना खवट करते. पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तोंड दुमडून चिमटा लावून. सुटे दाणे विकत घेऊच नका.

मुंग्यांसाठी परातीत बोटभर पाणी आणि मधोमध पालथ्या वाटीवर ताटली. ताटली स्टीलची किंवा चिनी मातीची, उथळ, वीतभर रुंद. प्लास्टिकला वास धरून राहतो. आणि ती लिटरच्या बाजूला किंवा वॉशिंग मशीनजवळ असेल तर आधी तिथून हलवा.