घराच्या मागच्या डेकमध्ये ग्रिलसाठी कायमचं टेबल स्वतः बांधता येईल का? डेक लाकडाचा आहे, आगीचा धोका नाही ना?

बांधता येतं. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत आमच्या डेकवर (घराला लागून असलेल्या फळ्यांच्या उघड्या ओट्यावर) बांधलंय. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, एका टोकाला कोळशाचा कामाडो बसवलेला. (कामाडो म्हणजे अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची झाकणाची भट्टी. तंदूरची जपानी चुलत बहीण म्हणा.) त्याआधी भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे माझी सुतारकी गेली नव्हती. टेबल सोपं आहे. डोकं खातात ते वजन आणि उष्णता.

आधी वजन. इथले डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात. माझं टेबल १५ चौरस फूट, म्हणजे त्या जागेला ६०० पौंड. आता बेरीज करा : मोठा कामाडो १६० पौंड, टेबलावरचा तीन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला १८ पौंडांच्या आसपास, म्हणजे कामाडो बसवायचं भोक वजा जाता सव्वादोनशे, लाकूड दीडशे. ५३५ झाले आणि अजून एकही माणूस टेकून उभा राहिलेला नाही. शिवाय डेक जुना असेल तर खालच्या तुळयांची काय अवस्था आहे ते वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी टेबलाचा भार डेकवर टाकलाच नाही. डेकच्या फळ्यांना चार भोकं पाडून खांब दोन तुळयांच्या मधून थेट जमिनीत उतरवले, काँक्रीटच्या फुटिंगवर, म्हणजे पायावर. हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि फुटिंग वर उचलते, त्यामुळे आमच्या भागात खड्डा ३६ इंच खोल घ्यावा लागतो. खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या लाइन दाखवणाऱ्या इथल्या सेवेला) फोन करा. गॅसच्या, विजेच्या लाइन कुठून जातात त्याच्या खुणा फुकट करून देतात. टाउनशिपचा (इथल्या नगरपालिकेचा) परवाना लागतो का तेही आधीच विचारा. आमच्याकडे लागला, आणि काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर टेप घेऊन खड्डे मोजून गेला.

लाकूड प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली रसायनं मुरवलेलं घ्या. नवीन असाल तर एक सांगतो : दुकानात ‘दोन बाय चार’ म्हणून मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. मी कागदावर पूर्ण दोन इंच धरून आराखडा काढला होता आणि पहिल्याच दिवशी सगळी मापं बोंबलली. या लाकडात तांब्याची रसायनं असतात, त्यात साधे स्क्रू गंजून जातात. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेसच वापरा. आणि उरलेले तुकडे भट्टीत जाळू नका, धूर विषारी असतो.

आता आग. कामाडो थेट लाकडावर कधीच ठेवायचा नाही. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर सिरॅमिकचे पाय, म्हणजे मधून हवा खेळते. वर ग्रॅनाइटच्या भोकातही चहूबाजूंनी मोकळी जागा हवी. किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजपंचे कापू नका. झाकण मागे पडतं तेव्हा बिजागरीलाही जागा लागते. हे मी सगळं पाळलं आणि घोळ भलतीकडेच घातला : पुढची आडवी पट्टी नेमकी राखेच्या दाराच्या समोर ठोकली. पहिल्या रविवारी वांगी मस्त भाजली, भरीत झालं, आणि सोमवारी राख काढायला गेलो तर दार बोटभर उघडून पट्टीला अडलं. शेवटी पट्टी करवतीने कापली. त्याच दारातून निखारेही उडतात, तेव्हा समोर डेकवर एक फरशी टाकून ठेवा. फळ्या कंपोझिटच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) असतील तर नक्कीच, त्या निखाऱ्याने वितळतात.

घराच्या भिंतीपासून लांब राहा. व्हिनाइल साइडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं प्लास्टिकचं आवरण) सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. आधीचा गॅस ग्रिल मी भिंतीला खेटून ठेवायचो; त्याच्या मागून निघणाऱ्या हवेने साइडिंगला भाजलेल्या पापडासारख्या लाटा आल्यात, त्या अजून तशाच आहेत.

गॅसचाच ग्रिल बसवणार असाल तर लाकडी चौकटीत तो उष्णतारोधक जॅकेटशिवाय (ग्रिलभोवती बसणाऱ्या धातूच्या आवरणाशिवाय) घालू नका. नुसतं सिमेंट बोर्ड पुरत नाही. ते स्वतः जळत नाही, पण मागच्या लाकडाला तापवतं. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून टाकीच्या कपाटाला तळाशी झरोके हवेतच.

तुमचा डेक जमिनीपासून किती उंच आहे आणि फळ्या कसल्या आहेत ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे खांबांचं नेमकं सांगता येईल.