निळ्या टिका आणि खिशातलं पत्र

"मॅडम, वाचलंय त्याने. दोन्ही टिका निळ्या झाल्यात. मग उत्तर का देत नाही?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच म्हणू शकेन. कधी विशीतली मुलगी मित्राबद्दल म्हणते, कधी सासू सुनेबद्दल. व्हॉट्सॲपवर या निळ्या टिका 2014च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी माणसं रुसत नव्हती असं नाही, पण हातात पुरावा नसायचा.

या वेळी म्हणणारे काका 63 वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. (ओळख पटेल ते सगळं बदललंय.) मुलगा सिॲटलला. तक्रार झोपेची. रात्री तीनला उठून मुलाचं 'लास्ट सीन' बघायचे, कारण उन्हाळ्यात तिकडे तेव्हा दुपारचे अडीच असतात.

"बघितल्यावर काय वाटतं?"

"जगाशी बोलायला वेळ आहे, बापाशी नाही."

मी समुपदेशक, विवेकनिष्ठ विचारपद्धतीची: त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांनी होतो, असं मानणारी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ती वाट मला अजून पुरते. त्यामुळे माझे कान आधी 'च' शोधतात: मुलाने उत्तर द्यायलाच हवं, लगेच द्यायलाच हवं. काकांनी तो 'च' वहीत लिहिला, गुणी विद्यार्थ्यासारखा खोडलाही. झोप काही आली नाही.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "तुम्ही पहिल्या नोकरीला गेलात, तेव्हा घरी कसं कळवायचात?"

"आंतरदेशीय पत्रानं. आई अडाणी, पोस्टमन वाचून दाखवायचा. तिचं पत्र शेजारचा पोरगा लिहून द्यायचा."

"आणि तुम्ही लगेच उत्तर पाठवायचात?"

काकांनी चष्मा काढला. "एकदा दीड महिना तिचं पत्र शर्टाच्या खिशात होतं. नोकरी कायम होईना. 'इकडे सर्व कुशल' लिहायला हात धजेना."

"तिला वाटलं असेल, पोरगा विसरला."

"विसरलो नव्हतो हो! रोज वाचत होतो ते."

आणि मग ते स्वतःच थांबले. मीही गप्प राहिले. अशा वेळी तोंड मिटून बसणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

मुलाला काय पाठवता, ते मग मी दाखवायला सांगितलं. महिनाभराची सुप्रभातची फुलं, मधूनमधून आलेलं-ढकललेलं काहीबाही. उत्तर देण्याजोगं एक वाक्य नाही! बोलायचं काम आजवर काकूंकडे होतं, आणि त्या जाऊन दोन वर्षं झालेली.

तुमच्याकडेही असंच असेल तर आधी सेटिंगमधून निळ्या टिका बंद करा. मग तुम्हालाही इतरांच्या दिसत नाहीत, आणि फायदा तोच आहे. ग्रुपमध्ये मात्र त्या चालूच राहतात, तिथे डोकं घालू नका. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि टीक एवढंच सांगते की तिकडे मेसेज उघडला गेला. उघडणाऱ्याचं त्या क्षणी काय चाललं होतं, ते तिला ठाऊक नसतं. तुम्हाला तर नसतंच. लिहायचं असेल तर घरातलं लिहा, ज्याला उत्तर सुचेल असं.

काकांनी लिहिलं: 'गोडा मसाला संपला. आई दगडफूल किती घालायची, आठवतं का तुला?'

दोन दिवसांनी व्हॉइस मेसेज आला. दगडफुलाचं प्रमाण त्यालाही माहीत नव्हतं. तेवढं सांगायला त्याला चार मिनिटं लागली होती.