चिंचेचा मेक्सिकन सोडा: तुम्ही विचारलंत, आम्ही सांगतो

या महिन्यात हारीतोस या मेक्सिकन सोड्यावर एवढी पत्रं आलीयत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या आपल्या लोकांची आहेत, एक पुण्याचं आहे.

प्रश्न: मुलाकडे ह्यूस्टनला आलेय. इथल्या मेक्सिकन दुकानात काचेच्या बाटल्यांमधे रंगीत पेयं असतात, त्यात एक तपकिरी चिंचेचं आहे. सून म्हणते छान लागतं, पण बाटली अगदी बिअरसारखी दिसते म्हणून मी हात लावला नाही. यात दारू असते का? आणि उपासाला चालेल का? – एक वाचक, मूळ सांगलीच्या

काकू, बिनधास्त प्या, त्यात दारू नसते. पाणी, गॅस, साखर, फ्लेवर, सायट्रिक आम्ल, रंग असा मामला आहे आणि तिकडे लहान मुलं पण पितात. बाटली उंच मानेची आणि झाकण पत्र्याचं म्हणून बिअरसारखी वाटते. फक्त हॉटेलमधे मागवताना नुसता सोडा हवाय असं स्पष्ट सांगा, कारण ग्रेपफ्रूटचा सोडा टकीलात मिसळून पालोमा नावाचं कॉकटेल करतात आणि ते मेक्सिकोत फार चालतं. दुकानातून घेताना बाटलीवर अल्कोहोलचा आकडा छापलेला नाही ना एवढं बघितलं की झालं. उपासाचं म्हणाल तर आपल्याकडे बऱ्याच घरांत उपासाला चिंच चालत नाही, आमसूल घेतात, तुमच्या घरी पण तसंच असेल तर त्या दिवशी राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर मस्त गार करून प्या.

प्रश्न: चिंच तर आपली! मग मेक्सिकन लोक चिंचेचा सोडा कसे काय बनवायला लागले? – डॅलसहून एक वाचक

चिंच आपली वाटते खरी, पण झाड मूळचं आफ्रिकेतलं आहे, आपल्याकडे फार जुन्या काळी आलं आणि इतकं रुजलं की आता गावच्या पारापासून आमटीपर्यंत सगळीकडे आहे. मेक्सिकोत ती स्पॅनिश राजवटीत पोचली. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधल्या मनिलापासून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरापर्यंत गलबतांची ये-जा होती आणि आशियातल्या कितीतरी गोष्टी त्या वाटेने तिकडे गेल्या, म्हणून मेक्सिकोत आंब्याची एक लाडकी जात अजून मनिला याच नावाने विकतात. उलट दिशेने अमेरिका खंडातले पेरू, अननस आणि मिरची पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आले. आता हारीतोसचे फ्लेवर बघा, चिंच, पेरू, अननस, आंबा, संत्र्यासारखं मॅंडरिन, आणि हामायका म्हणजे आपल्या अंबाडीच्या लाल बोंडांचा. मराठी माणसाला त्या फ्रिजसमोर उभं राहिल्यावर ओळखीचं वाटतं ते उगाच नाही.

आणि सोडा यायच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोत आग्वा फ्रेस्का आहे. बाजारात, टाकोच्या गाडीवर मोठमोठ्या काचेच्या बरण्यांमधे चिंचेचं, अंबाडीचं, तांदळाचं गार सरबत भरून ठेवतात आणि लांब दांड्याच्या पळीने ग्लासात ओतून देतात. चिंचेचं सरबत तिथे घरोघरी होतं. तिखट-मीठ लावलेल्या चिंचेच्या गोळ्या-वड्या तर मेक्सिकन पोरं अशी खातात की आपल्या शाळेबाहेरच्या गाडीची आठवण यावी.

तर या चवीला बाटलीत आणलं फ्रान्सिस्को हिल नावाच्या माणसाने, साल 1950. त्याचं पहिलं पेय कॉफीच्या चवीचं होतं, पण मग त्याने चिंचेच्या रसातलं पाणी काढून अर्क करायची रीत बसवली आणि त्यावर चिंचेचा हारीतोस निघाला, पाठोपाठ मॅंडरिन, लिंबू, फ्रूट पंच. लेबलवर मातीच्या छोट्या सुरया दिसतात ना, तशा भांड्यातून पाणी-सरबत प्यायची तिकडची जुनी पद्धत, नावही त्यावरूनच. अमेरिकेत हा माल नोव्हामेक्स ही टेक्सासमधल्या एल पासोची कंपनी विकते, आणि एल पासो अगदी सीमेवर, नदी ओलांडली की मेक्सिको. कामासाठी अमेरिकेत आलेल्या लाखो मेक्सिकन कुटुंबांसाठी ही बाटली म्हणजे घरची चव आहे आणि मला वाटतं हे कळून प्यायलं की ती बाटली नुसती फॅन्सी रंगीत सोडा राहत नाही. मला स्वतःला त्यातली चिंचेचीच सगळ्यात आवडते, बाकीच्या गोड आहेत, हिला जिभेवर थोडी आंबट पकड आहे.

प्रश्न: वडिलांना शुगर आहे. ते म्हणतात हे फळाचं आहे आणि उसाच्या साखरेचं आहे, मक्याच्या सिरपचं नाही, म्हणून चालतं. खरंय का? – कॅलिफोर्नियाहून एक वाचक

नाही हो, अजिबात खरं नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतेय कारण असं समजून पिणारे खूप आहेत. हा फळाचा रस नाही, फळाच्या चवीचा सोडा आहे. अमेरिकेत मिळणारी 370 मिलीची एक बाटली घेतली तर त्यात साधारण 40 ग्रॅमच्या आसपास साखर असते, फ्लेवरप्रमाणे थोडी कमी-जास्त, म्हणजे दहाएक चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, म्हणजे एकाच बाटलीत दीड दिवसाचा कोटा संपला. उसाची साखर चवीला मक्याच्या सिरपपेक्षा स्वच्छ वाटते हे मलाही पटतं, पण रक्तातली शुगर दोन्हीने वाढतेच. मेक्सिकोलाच याचा केवढा त्रास झालाय बघा, तिथे डायबेटिस इतका वाढला की सरकारने 2014 साली गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि 2020 पासून जास्त साखरेच्या मालावर काळ्या अष्टकोनी खुणा छापायला लावल्या. वडिलांना चव घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घोटभर, बाटली चौघांत वाटून, आणि जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी नको.

प्रश्न: सगळे हिस्पॅनिक लोक हेच पितात का? आमच्या शेजारच्या कोलंबियन बेकरीत हे नव्हतंच. – न्यू जर्सीहून एक वाचक

नसणारच, कारण हारीतोस मेक्सिकन आहे. आपण सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना एका पिशवीत घालतो ते बरोबर नाही, प्रत्येक देशाची आपापली लाडकी बाटली आहे. कोलंबियात पोस्तोबॉन कंपनीचा सफरचंदाचा गुलाबी सोडा, ही कंपनी 1904 सालची मेडेयीनची. मेक्सिकोतही सफरचंदाचा सिद्राल मुंदेत आहे, तो 1902 पासून. क्यूबन लोकांचा अननसाचा हुपीन्या मायामीत सहज मिळतो. आणि पेरू देशाचा पिवळाधमक इंका कोला, 1935 सालचा, तो फळाचा नाही, एका लिंबाच्या वासाच्या झुडपाच्या पानांची चव आहे त्याला. बेकरीत गेलात की गुलाबी बाटली मागा आणि सोबत काय खातात ते त्यांनाच विचारा, आनंदाने सांगतात लोक.

प्रश्न: अमेरिकेत असताना चटक लागली, आता पुण्यात परत आलोय. घरी करता येईल का? – पुण्याचे एक वाचक

येईल की, आणि ताजी चिंच असल्यामुळे बाटलीपेक्षा चांगला होईल. 100 ग्रॅम बिनबियांची चिंच दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळा, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा, मग हाताने चांगली कुस्करून गाळून घ्या, चोथ्यात थोडं पाणी घालून परत एकदा पिळा. गाळलेल्या कोळात पाऊण वाटी साखर घालून मंद आचेवर सरबताच्या पाकाइतपत दाट होऊ द्या. गूळ, जिरं, काळं मीठ काही घालू नका, ते घातलं की आपलं चिंचेचं पन्हं होतं, तेही मस्तच पण चव मेक्सिकन राहत नाही. ग्लासात बर्फ, एक भाग पाक, तीन भाग गार सोडा, आणि सोडा ग्लासच्या कडेने हळू ओता नाहीतर चिंचेमुळे फेस भसकन वर येतो. ग्लासची कड लिंबाने ओली करून तिखट-मिठात टेकवली तर तिकडच्या हॉटेलसारखा दिसेल. साखर तुमच्या हातात आहे, अर्धी वाटी केलीत तरी चव बिघडत नाही. उरलेला पाक तांब्या-पितळेच्या भांड्यात अजिबात ठेवू नका, काचेच्या बाटलीत घालून फ्रिजमधे ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.