टर्टलच्या (आरडीएफ, म्हणजे छोट्या विधानांत मांडलेली माहिती, साध्या मजकुरात लिहायची पद्धत) १२० फायली फुसेकीत (ती माहिती साठवणारा सर्व्हर) चढवतोय, मध्येच अडकतं. काय करू?

तुम्ही ब्राउझरमधल्या अपलोडच्या पानावरून एकेक फाईल टाकताय ना, तिथेच घोडं पेंड खातंय. ते पान दोन-चार फायलींपुरतं ठीक आहे. एवढ्या मालाला सरळ फुसेकी बंद करा आणि जेना या आरडीएफच्या साधनसंचासोबत येणारा टीडीबी-टूचा (फुसेकीमागच्या डेटाबेसचा) लोडर टर्मिनलवरून चालवा, सगळ्या फायली एकाच कमांडला देऊन. फुसेकी चालू ठेवून त्याच डेटाबेसच्या फोल्डरवर लोडर सोडायचा नाही.

त्याआधी रायट या कमांडने फायली तपासा, तेही जेनातच येतं. मी मालवणात बसून बंदरांवरच्या मासळीच्या नोंदी आरडीएफमध्ये करत होतो, तेव्हा रायटने दोन गोष्टी पकडल्या: आयआरआयच्या (वस्तूच्या वेबपत्त्यासारख्या नावाच्या) पोटात 'हर्णै बंदर' मधल्या जागेसकट लिहिलेलं, आणि ३१ जून ही तारीख. ती दुरुस्त करून मी ३० जून केली, तर आई म्हणाली, "जूनात होड्या शाकारलेल्या असतात, मासळी आली कुठून?" जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, हे काही रायटला कळत नाही.

आणि मला सगळ्यात महागात पडलं ते ब्लँक नोडचं, म्हणजे बिननावाच्या नोडचं, प्रकरण. मीही तुमच्यासारखाच एकेक फाईल चढवत होतो. लाईट गेली. कुठपर्यंत आलो होतो ते आठवेना, म्हणून सगळ्या फायली पुन्हा टाकल्या. म्हटलं, तेच ट्रिपल (एक विधान) दोनदा आलं तरी एकच राहतं. बरोबरच आहे, पण आयआरआय असलेल्यांपुरतं. माझ्या नोंदींतलं मासळीचं वजन मात्र टर्टलच्या चौकटी कंसात होतं, म्हणजे बिननावाच्या नोडवर. असा नोड दर वेळी नवा जन्म घेतो. बेरीज केली तर काही दिवसांचा बांगडा बरोबर दुप्पट! मग बंदर, तारीख आणि अनुक्रमांक जोडून प्रत्येक वजनाला स्वतःचा आयआरआय दिला. आता तीच फाईल दहादा चढवली तरी आकडा हलत नाही.

फायली तोडायच्या असतील तर आधी रायटनेच एन-ट्रिपल्स (आरडीएफ लिहायची आणखी एक पद्धत) करून घ्या. त्यात एका ओळीत एक ट्रिपल, कुठल्याही ओळीच्या शेवटी कापा. टर्टल मध्येच कापलं की वरचे प्रीफिक्स (आयआरआयची लघुरूपं) मागे राहतात. ब्लँक नोड असतील तर मात्र कापूही नका, एकच नोड दोन फायलींत दोन होतो.

लोडर चालू असताना लाईट गेली तर अर्धवट फोल्डर वाचवत बसू नका. उडवा आणि रिकाम्या फोल्डरवर पुन्हा सुरुवात करा.